मीठ ओतून झिंगा नको: तापीकाठच्या मच्छीमार संस्थांच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
तापी, पांझरा आणि गिरणा काठच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद, आणि शेततळं असलेले सगळे भाऊ-बहिणी

राम राम.

मी प्रकाशा बॅरेजच्या वरच्या अंगाच्या एका गावचा भोई. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला डोंग्यात पाहिलंय, उरलेल्यांनी माझ्या मायला बाजारात सुकट विकताना पाहिलंय. २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षं मी सुरतेच्या पलीकडे, ओलपाड तालुक्यात झिंगा तलावांवर काम केलं. आधी राखणदार होतो, मग खाद्य टाकायला लागलो, शेवटी चार तलावांचा मुकादम झालो. हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की याला झिंग्यातलं काय कळतं.

गेले दोन महिने आपल्या भागात एक पांढरी गाडी फिरते आहे. त्यातला कंपनीचा माणूस चांगला बोलतो. हातात लॅमिनेशन केलेले फोटो, फोटोत टोपलीभर वन्नामेई झिंगा. एक एकर तलाव, चार महिने, आणि पपईत तीन वर्षांत मिळत नाही एवढा पैसा, असा त्याचा हिशेब. आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत आता सातवा विषय आलाय: संस्थेची दोन संगोपन तळी (माशांची पिल्लं वाढवायची) या कंपनीला भाड्याने देण्याबाबत. शेजारच्या दोन संस्थांकडेही हाच प्रस्ताव गेल्याचं कानावर आलं. सभेत मला पाच मिनिटं मिळतील, त्यातली दोन चेअरमन खातील. म्हणून हे पत्र.

आधी मिठाचा हिशेब करू. वन्नामेई हा मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा झिंगा. आपल्या देशात २००९ पासून त्याच्या शेतीला परवानगी मिळाली. समुद्राच्या मानाने फार कमी खारट पाण्यातही तो जगतो, हे खरं. हरियाणा-पंजाब-राजस्थानात जिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे आणि शेतात काही उगवत नाही, तिथे त्याची तळी झाली आहेत. तिथल्या माणसाला ते ठीक आहे, त्याच्या विहिरीचं पाणी आधीच वाया गेलेलं. आपल्या बोअरचं पाणी गोड आहे. म्हणून गाडीवाला म्हणतो, "थोडं मीठ टाकायचं, पाच पीपीटी झालं की बास."

पाच पीपीटी म्हणजे एका लिटरला पाच ग्रॅम. एकराचं तळं, चार फूट पाणी, म्हणजे साधारण ४८ लाख लिटर. गुणाकार करा. २४ टन मीठ. पन्नास किलोची ४८० पोती, एका एकराला, एका भरणीला. नुसत्या मिठाने भागत नाही, पोटॅश आणि मॅग्नेशियमही घालावं लागतं, नाहीतर झिंगा कात टाकताना मरतो. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. ते झिरपतं किंवा हंगाम संपल्यावर पाण्याबरोबर नाल्यात सोडलं जातं. आणि आपली जमीन काळी. काळ्या मातीत सोडियम शिरला की तिचा दाणा मोडतो, ओली असली की चिकट चिखल आणि वाळली की दगड, पाणी आत जाईनासं होतं. शेजारी कोणाची केळी आहे, कोणाची पपई आहे, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता ओलपाडची एक रात्र सांगतो. पैशाची गोष्ट तुम्हाला गाडीवाल्याने सांगितलीच आहे, आणि ती खोटी नाही. मीही मालकाला एका हंगामात नवी गाडी घेताना पाहिलंय. पण ती रात्रही पाहिली आहे.

दाट साठवणीच्या तलावात एका चौरस मीटरला चाळीस-पन्नास झिंगे असतात. पाण्याला हवा द्यायला एरेटर लागतात, त्याची चक्रं रात्रभर फिरती पाहिजेत, कारण पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात खाली जातो. पावसाळा संपत आला होता. तीनच्या सुमारास लाइट गेली आणि जनरेटरने दगा दिला. एरेटर थांबले की जी शांतता होते ती मला अजून झोपेत ऐकू येते. अर्ध्या तासात झिंगे कडेला आले. बॅटरी मारली तर काठाच्या वितभर पाण्यात हजारो लाल डोळे. आम्ही चौघेजण बादल्यांनी पाणी उपसून वरून ओतत होतो, हवा लागावी म्हणून. एका बादलीने काय होणार? लाइट पाच वाजता आली.

बरेचसे वाचले. पण त्या ताणानंतर दहाव्या दिवशी चेक ट्रेमध्ये खाद्य तसंच पडलेलं. (चेक ट्रे म्हणजे जाळीचं ताट. त्यात थोडं खाद्य टाकून तळाला ठेवायचं आणि दोन तासांनी वर काढून बघायचं, खाल्लं की नाही. झिंग्याची नाडी म्हणा.) एक झिंगा उचलला, पाठीवरचं कवच सोलून उजेडाकडे धरलं. आतून पांढरे ठिपके, कोणी चुन्याचं बोट टेकवल्यासारखे. टेक्निशियन काही न बोलता उभा राहिला. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला औषध नाही. नियम असा की पाणी तलावातच अडवून ब्लीचिंग टाकून मारायचं. मालकाने रात्रीच दरवाजा उचलून पाणी खाडीला सोडलं. खालच्या अंगाचे सात तलाव दोन आठवड्यांत गेले. आमचा तीन महिन्यांचा पगारही त्याच पाण्याबरोबर गेला. मालकाचं नाव मी लिहीत नाही, कारण तो एकटाच तसा नव्हता.

हे ओलपाडला घडलं तसं सगळ्या किनाऱ्यावर घडून गेलेलं आहे, आपल्याला फक्त बातमी उशिरा येते. १९९०च्या दशकात आंध्र-तामिळनाडूत टायगर झिंग्याची लाट आली. पैसेवाले आले, भातशेती घेतली, तलाव खोदले. गावाच्या विहिरी खाऱ्या झाल्या, समुद्रावर जायच्या वाटा बंद झाल्या, आणि भाताच्या खाचरात जिथे पंधरा बाया लावणीला जायच्या तिथे तलावावर दोन राखणदार पुरू लागले. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सुप्रीम कोर्टात गेले. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कोर्टाला पाहणी करून दिली: या तलावांतून मिळतं त्याहून नुकसान जास्त. ११ डिसेंबर १९९६ ला निकाल आला. किनारा नियमन क्षेत्रातले असे तलाव काढा, कामगारांना भरपाई द्या. दरम्यान पांढऱ्या ठिपक्यांनीही आपलं काम केलंच होतं. पुढे २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी कायदा आणि चेन्नईला प्राधिकरण झालं. पण तो कायदा किनाऱ्यापुरता. प्रकाशा त्यात कुठे येतं?

त्या निकालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोर्टाने पारंपरिक पद्धतीच्या झिंगाशेतीला हात लावला नाही. ती शेती कशी असते ते बघण्यासारखं आहे. केरळात एर्नाकुळम-आलप्पुळाकडे पोक्काळी नावाचा भात होतो. पावसाळ्यात खाचरातलं मीठ पावसाने धुऊन जातं, तेव्हा भात लावतात. ऑक्टोबरच्या सुमारास नुसती लोंबी कापून घेतात, ताटं तशीच पाण्यात कुजत ठेवतात. मग भरतीचं पाणी आत घेतात, त्याबरोबर झिंग्याची पिल्लं येतात, त्या कुजक्या ताटांवर वाढतात, एप्रिलपर्यंत निघतात. झिंग्याच्या विष्ठेवर पुढचा भात. खत नाही, एरेटर नाही, जनरेटर नाही. उत्पन्न थोडं, पण शेकडो वर्षं चाललेलं. गोव्यातल्या खाजणांचा आणि कारवारकडच्या कग्गा भाताचा बेत साधारण असाच.

यात मेख एवढीच आहे की तिथे मीठ भरतीबरोबर येतं आणि पावसाबरोबर परत जातं. आपल्याकडे ते दहा टायरी ट्रकमधून येणार. परत न्यायला कोण येणार आहे?

मग झिंगा नकोच का, असं काही तरुण विचारतील. ओलपाडहून परत आल्यावर मी स्वतः झिंगाच करतोय, पण दुसरा. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, लांब निळ्या नांग्यांचा. भरूचला नर्मदेच्या मुखाशी पूर्वापार मिळतो तोच. याची गंमत अशी की हा राहतो गोड्या पाण्यात, पण याचं बाळपण खाऱ्या-गोड्या मिसळीत जातं. मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते, पिल्लं तिथे महिनाभर वाढतात आणि मग नदी चढून वर येतात. १९६१ मध्ये मलेशियात शाओ-वेन लिंग यांच्या हे ध्यानात आलं की पिल्लांना मिठाचा अंश लागतोच, आणि तिथून याची शेती सुरू झाली. आता बीज समुद्राकाठच्या हॅचरीतून येतं, आपल्याला मीठ लागत नाही.

म्हणजे हा आपल्या तळ्यात पैदा होणार नाही, दरवर्षी बीज आणावं लागणार. काही जणांना हा तोटा वाटतो. मला तो गुण वाटतो. चिलापी (तिलापिया, बाहेरदेशचा मासा) एकदा धरणात सुटली, तिने काय केलं ते आपण जाळ्यात रोज बघतो. हा झिंगा पाहुण्यासारखा येतो आणि हंगाम संपला की जातो.

माझं अर्ध्या एकराचं शेततळं आहे. मागच्या हंगामात त्यात रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. मृगळ मुद्दाम टाकला नाही, कारण तोही तळाशी चरतो आणि झिंगाही तळाशी चरतो, दोघांचं ताट एकच होतं. झिंग्याची १,२०० पिल्लं टाकली. जिऱ्याएवढी नाहीत, दीड महिना हापामध्ये (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) वाढवलेली. याचं कारण आपला हिवाळा. बीज जुलै-ऑगस्टमध्ये पडतं आणि डिसेंबरात आपल्याकडे थंडी अशी पडते की पाणी गार झालं की हा खाणंच सोडतो. पाच महिनेच हातात असतात, म्हणून मुलगा शाळेत घालताना थोडा वाढवूनच घालायचा.

तळ्याला प्लास्टिकचं अस्तर. त्यावर झिंग्याला लपायला जागा नाही, आणि लपायला जागा नसली की कात टाकलेला मऊ झिंगा दुसरा खातो. मी फुटकी कौलं, पाइपचे तुकडे आणि तुरीच्या काड्यांच्या पेंढ्या तळाशी सोडल्या. शेजारी हसायचे. रोज संध्याकाळी बांधावर कोणीतरी उभा असायचा, "काय भो, झिंगा कवय निंघतीन?" निघाले ३१ किलो. साधारण साडेपाचशे झिंगे, काही दीडशे ग्रॅमचे बाप्ये, काही बोटाएवढेच राहिलेले. या जातीत तसंच होतं, दोन-चार दांडगे बाकीच्यांना वाढू देत नाहीत. गावकीसारखं. किलोला चारशेच्या आसपास भाव मिळाला. रोहू-कटला साडेतीन क्विंटल निघाला, तो वेगळा.

हे आकडे मुद्दाम सांगतो, कारण ते लहान आहेत. या झिंग्याने कोणी बंगला बांधणार नाही. खरा घरखर्च रोहू-कटल्यावरच निघतो, झिंगा म्हणजे वरचा पैसा, त्याच पाण्यातून, त्याच मेहनतीत. आणि यालाही रोग आहेतच. नेल्लोरकडे २००० नंतर लोकांनी एकट्या याच झिंग्याची दाट शेती केली, मग पांढऱ्या शेपटीचा रोग आला आणि तीही लाट ओसरली. थोडा आणि माशांबरोबर मिसळून केला तरच हा आपल्याला परवडतो.

एक चूक सांगून ठेवतो, माझ्या चुलतभावाची. त्याच्याही तळ्यात झिंगा होता. सप्टेंबरात कपाशीवर फवारणी झाली आणि त्याच्या सालदाराने पंप शेततळ्यात विसळला. दोनदा, तीनदा, झाकणासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पोहत होते आणि झिंगे कडेला उलटे पडलेले. कीटकनाशक किड्यासाठी बनवलेलं, आणि झिंगा हा जातीने किड्याचा जवळचा भाऊ. माशाला न लागणारा थेंब त्याला पुरतो. कपाशीच्या पट्ट्यात झिंगा करायचा असेल तर पंप धुवायला तळ्यापासून लांब एक खड्डा करा. बाकी सगळं शिकता येतं, हे विसरलात तर एका सकाळीत संपतं.

आता सातव्या विषयाकडे. संगोपन तळी भाड्याने द्यायची म्हणजे काय? त्या दोन तळ्यांत आपण मत्स्यजिरे (माशांची अगदी बारीक पिल्लं) आणून बोटुकली वाढवतो आणि तीच बॅरेजच्या पाण्यात सोडतो. तळी गेली की बोटुकली बाहेरून विकत घ्यावी लागणार, व्यापारी म्हणेल त्या भावाने, आणि मग उचल, आणि उचलीपोटी मासा त्यालाच. कागदावर ठेका संस्थेचा, जाळं ठेकेदाराचं, आणि सभासद आपल्याच पाण्यात किलोवर मजूर. हा खेळ आपल्या कितीतरी तलावांवर झालेला आहे, तुम्ही नावं मनात घेतली असतील.

बॅरेज झालं तेव्हा आपल्या टरबूज-डांगराच्या वाड्या वाळूसकट पाण्याखाली गेल्या. बदल्यात मिळालं ते हे पाणी आणि त्यातला मासा. आपल्या हातात दुसरं काही नाही.

मी संस्थेकडे मागतो ते असं. त्या दोन तळ्यांपैकी एका तळ्यात हापे लावून गोड्या पाण्याच्या झिंग्याची पिल्लं दीड महिना वाढवू आणि शेततळेवाल्यांना विकू. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ ची, तेव्हापासून आपल्या भागात किती तळी झाली आणि त्यातली किती नुसती फळबागेच्या पाण्यासाठी पडून आहेत ते बघा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान आहे. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला. हे वापरायला अर्ज लागतो, आणि अर्जाला सभासद लागतो. आपल्या सभासद यादीत बाया किती? आमच्या संस्थेत तीन. त्यातल्या दोघी मयत सभासदांच्या वारस.

विक्री मात्र सगळी बायाच करतात. माझी माय आणि मावशी चाळीस वर्षं विसरवाडी, खांडबारा, चिंचपाडा असे बाजार करतात. सुकट, बोंबील, सोडे सगळं सुरतेकडून किंवा मुंबईकडून येतं. कोणत्या गावाला काय लागतं, कोण उधारी बुडवतं, कळण्याच्या भाकरीबरोबर कोणाला झिंगाच पाहिजे, हे त्यांना पाठ. गाडीवाल्याचा झिंगा परदेशात जाणार आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला तेव्हा तिकडे आंध्रातल्या तलाववाल्यांना काठावर भाव पडलेला दिसला. आमच्या मावशीच्या पाटीला ते कळलंसुद्धा नाही. कोकणात वेंगुर्ल्याला बायांच्या स्वामिनी बचतगटाने होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली, वल्हंही त्याच मारतात. प्रकाशाला तर दक्षिण काशी म्हणून बारा महिने माणूस येतो. होड्या आपल्या आहेत, बाया आपल्या आहेत. हा विषय पुढच्या सभेत घेऊ, एका पत्रात सगळं मावत नाही.

जुने लोक म्हणतील, संस्था एकत्र चालवणं आपल्याला जमत नाही. पांझरेकाठच्या भावांनी यावर बोलावं. तिथल्या फडांवर (बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायच्या शेतपट्ट्यांवर) तीन-तीनशे वर्षं कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. पाटकऱ्याने पाणी वाटलं, जागल्याने पीक राखलं, हवालदाराने दोघांवर नजर ठेवली, आणि कोणाला स्वतःचा वेगळा ऊस लावायची मुभा नव्हती. आपल्याला एक पाटकरी आणि एक जागल्या नेमता येऊ नये?

सभेला मी येतोय. येताना दहा लिटरची एक बादली आणणार आहे, बोअरचं पाणी आणि त्यात पन्नास ग्रॅम मीठ, म्हणजे बरोबर पाच पीपीटी. सातवा विषय आला की ती मधोमध ठेवीन. ज्याला ते पाणी रोज आपल्या पपईच्या बुंध्याशी घालायचं असेल, त्याने ठरावाच्या बाजूने हात वर करावा.

आपला,
एक सभासद
प्रकाशा परिसर, जिल्हा नंदुरबार